कुडपणच्या आईसाठी मऊ टायर

टायरच्या दुकानात जुने टायर साठतात, तसे किस्सेही साठतात. टायर निदान कुणीतरी झोपाळ्याला नाहीतर कुंपणाला लावायला मागून नेतं. किस्से कोण नेणार? ते माझ्याकडेच राहतात.

महाडला हायवेलगत आमचं दुकान. आमचे हे टायरचं काम बघतात, मी काउंटर. टायरचं माप बदलून गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा दिसलं की मी विचारतेच, "काय, बसायला कसं वाटतंय?" धंद्यासाठी नाही हो, मला चैनच पडत नाही म्हणून! एकाच मापाच्या टायरवर दोन माणसं दोन उत्तरं देतात, याचं मला अजून नवल वाटतं.

मागच्या महिन्यात डोंगरातल्या कुडपणचा अनंता आला. "वहिनी, गाडी मऊ करून मिळंल काय?"

गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाने हौसेने मोठ्या अलॉय रिंगा चढवलेल्या आणि त्यांच्यावर पट्टीएवढं रबर. अनंताच्या आईचा एक डोळा कायमचा गेलाय. दुसरा टिकवायचा तर दर महिन्याला महाडला येऊन इंजेक्शन घ्यायचं. आणि ती या गाडीत बसायलाच तयार नाही. "डोळा जाऊ दे रे, माझी कंबर ऱ्हाऊ दे!" म्हणते.

अनंताचं तोंड एवढंसं झालं होतं. मी चहा सांगितला आणि त्याला आमच्याकडचे अनुभव ऐकवायला घेतले.

* * *

पहिले मोरे सर. शाळेत गणित शिकवतात, एरवी माणूस एकदम साधा. पण भाच्याच्या लग्नात कुणाची तरी गाडी बघून आले आणि स्वतःच्या छोट्या गाडीला भल्यामोठ्या रिंगा लावून घेतल्या. ह्यांनी परोपरीने सांगितलं, "सर, रिंग मोठी म्हणजे रबर कमी. रबर कमी म्हणजे खड्डा थेट तुमच्या मणक्यात."

सर म्हणाले, "गाडी उठून दिसली पाहिजे!"

पंधरा दिवसांत सर परत. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"वहिनी, रस्त्यावर पडलेल्या नाण्यावरून गाडी गेली ना, तर छापा की काटा तेसुद्धा कळतं!"

जुन्या रिंगा त्यांनी माळ्यावर जपून ठेवल्या होत्या, म्हणून बरं.

* * *

वरंधच्या एका भाऊंनी नेमकं उलटं केलं. दुसरीकडून कुठूनतरी मापापेक्षा जाडजूड टायर बसवून आले. सरळ रस्त्यावर पाळण्यात बसल्यासारखं वाटायचं म्हणे. पण चाक पूर्ण वळवलं की टायर आतून मडगार्डला घासायचा, आणि यांचा रोजचा रस्ता घाटाचा! दर वळणाला गाडीतून घोरल्यासारखा आवाज.

ह्यांनी खाली वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. भाऊ मात्र आपल्या टायरवर खूश.

"वळायचंच नाय असं ठरवलं, तर गाडी एक नंबर हाय!"

* * *

तुडीलचा एक मुलगा मुंबईला नोकरीला असतो. त्याने किंचित उंच टायर घातले. टायर उंच झाला की चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. म्हणजे गाडी धावते जास्त, मीटर दाखवतो कमी. सणाला आला तेव्हा वडिलांना हवा भरायला सोबत घेऊन दुकानात आला होता.

"वहिनी, कमाल आहे! टायर बदलल्यापासून मीटरवर आपलं गाव जवळ आलंय."

वडील बाकावर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "जवळ आलंय ना? मग येत जा की रे जरा."

मुलगा उगाचच वाकून टायरची हवा बघायला लागला.

* * *

अनंताने सगळं ऐकून घेतलं, पण त्याचा प्रश्न होता तिथेच होता. ह्यांनी त्याला समजावलं, "बाहेरून चाक तेवढंच ठेवू. आतली रिंग लहान घेऊ. मधे रबर वाढलं की हवेची गादी जाड होते. फक्त ब्रेकला रिंग लागत नाही ना, ते आधी बघतो."

रिंग ब्रेकला लागली नाही. टायर चढले. हवाही कंपनीने सांगितली तेवढीच भरली; एरवी 'घाटात जास्त लागते' म्हणून अनंता ती ठासून भरायचा.

दोन दिवसांनी अनंताचा फोन. "वहिनी, आईच्या आधी अंडी नेऊन बघितली!"

पोलादपूरहून अंड्यांचा ट्रे मागच्या सीटवर, आईच्या जागेवर ठेवून हा कुडपणला गेला. एकही फुटलं नाही. ट्रे तसाच्या तसा आईपुढे धरला.

"मग, आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, अंड्यांना कंबर नाय रे!"

* * *

तरी ती आली. सुनेने काय जादू केली कोण जाणे. इंजेक्शन झाल्यावर अनंता गाडी दुकानाशी घेऊन आला. आई मागे बसलेली, उरलेल्या एका डोळ्यावर पट्टी. म्हणजे त्या दिवसापुरतं काहीच दिसत नव्हतं. टायर कसे वाटतात ते कळेपर्यंत मला कुठला धीर! ह्यांच्यावर दुकान टाकलं आणि आईंच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, परत यायला एसटी आहेच.

पोलादपूर सुटलं, चढ लागला. मी विचारलं, "आई, कंबर कशी आहे?" बघते तर झोपलेल्या! आमच्या टायरचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

कुडपणला अनंताने गाडी अंगणात घेतली. "आई, घर आलं. उतर."

आई जाग्या झाल्या, पण हलेनात. "हे आपलं घर नाय."

"अगो आई, आपलंच हाय!"

"दारातल्या चिऱ्यावर गाडी आपटली नाय. आपल्या दारात आपटती. कुठं आणलंस मला?"

सून धावत आली. "आई, मी हाय, उतरा."

"हिला पण हितं आणून ठेवलीस काय रे?" आईंनी माझा हात घट्ट धरला. त्या खरंच घाबरल्या होत्या. मी सांगून बघितलं, पण मी तर परकी, माझं कोण ऐकणार?

अनंताने माझ्याकडे बघितलं. मग गाडीच्या मागे गेला, बंपरवर चढला आणि तिथेच दोन्ही पायांनी दणकन उडी मारली.

"आई गं!" आईंनी कंबर धरली. "हां, आलं घर. उघड आता दार!"