काठाजवळची अकरा बदकं

एकवीस वर्षं शाळेची बस चालवून तिला साधा ओरखडाही येऊ न देणारा हा ड्रायव्हर पक्ष्यांपायी मात्र पार वेडा झालेला होता. सुट्टी असली की कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि थोरल्या बहिणीला गाडीत घालून पाणथळीचं अभयारण्य गाठायचा. ताई शिवणकाम करायची. पक्ष्यांपेक्षा तिला डबा उघडण्यात जास्त रस, पण मोजणीची वही तिच्याच ताब्यात. बावन्न वर्षांच्या भावाला ती अजून बाळ्या म्हणे, तेही तिथल्या रखवालदारासमोर.

चार दिवसांपासून बाळ्याच्या उजव्या डोळ्यापुढे चिलटं उडत होती. मधूनच कडेला वीज चमकल्यासारखं होई. झोप कमी पडली असेल, म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही. पुढच्या महिन्यात ड्रायव्हरांच्या डोळ्यांची तपासणी होती. तोवर जाईल आपोआप, असं तो स्वतःला समजावत होता.

त्या सकाळी दोघं पाण्याकाठच्या लाकडी खोपटात, खिडकीच्या फटीला डोळे लावून बसली होती. समोर थापट्या बदकांचा थवा उतरला. बाळ्याने कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला.

"किती?" ताईने पेन्सिल सरसावली.

"सत्तावीस."

"मला अडतीस दिसतायत. काठाजवळची धरलीस का?"

"काठाजवळ कुठे आहेत?"

"नाटकं करू नकोस. नाकासमोर बसलीत."

त्याने भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. खालच्या अंगाला नुसतं राखाडी, धुकं साचल्यासारखं. मग कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. अकरा बदकं. माना पिसांत खुपसून निवांत बसलेली. परत उजवा डोळा. एकही नाही. आणि ते राखाडी मघापेक्षा थोडं वर सरकलेलं.

"ताई, मला खालचं दिसत नाहीये."

ती हसायला गेली, पण त्याचा चेहरा पाहून थांबली. डबा, वही, सगळं तिने पिशवीत कोंबलं.

परतीची वाट फळ्यांची, दोन्ही बाजूंना पाणी. एरवी तो तिच्यावरून शीळ घालत जायचा. आज एक डोळा मिटून, ताईच्या पिशवीचा बंद धरून, जीव मुठीत घेऊन चालला. ताईचं तोंड एरवी क्षणभर बंद नसे. आता ती फक्त पुढची फळी सांगत होती, आणि त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटत होती.

गाडीपाशी त्याने सवयीने किल्ली काढली.

"दे इकडे."

"तुला गाडी कुठे येते?"

"नाही येत. रखवालदाराला येते. दे."

रखवालदाराने गाडी थेट डोळ्यांच्या दवाखान्याकडे हाणली. रस्ताभर बाळ्या आलटून पालटून डोळे झाकत होता. अर्ध्या वाटेवर त्याच्या एकदम ध्यानात आलं, आदल्याच दिवशी याच डोळ्याने त्याने चाळीस पोरं घरी सोडली होती. आंधळं होण्याची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

"आतला पडदा सुटलाय," डोळ्यांची डॉक्टरीण म्हणाली. "मधला भाग अजून शाबूत आहे. आजच ऑपरेशन करू."

"बस चालवता येईल ना?"

"आधी डोळा वाचवू," ती म्हणाली आणि संमतीचा कागद ताईपुढे सरकवला.

पडदा जागी चिकटावा म्हणून दहा दिवस तो पालथा पडून होता. ताई शिवणाचं मशीन बंद ठेवून उशाशी बसे. डोळा वाचला. पण सरळ रेघ त्याला वाकडी दिसे, आणि बस सुटली ती सुटलीच.

बरा झाल्यावर तो मुख्याध्यापिकेकडे बसची किल्ली द्यायला गेला आणि चिलटं दिसत असतानाही बस चालवली ते चार दिवस त्याने स्वतःहून सांगून टाकले.

"कुणाला काही झालं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आता कशाला सांगताय?"

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. तिने ती खणात टाकली. मग त्याला बसच्या शेडमध्ये ठेवून घेतलं, टायर-ब्रेक तपासायला.

आता तो ते काम करतो. ताईबरोबर पाणथळीवरही जातो, डाव्या डोळ्याने फोटो काढतो. पण शाळा सुटल्यावर शेवटची बस शेडमध्ये शिरेपर्यंत तो डबा उघडत नाही.