वापसा आल्याशिवाय वखर नाही

माझा आवाज अकोल्यात जठारपेठेत निघाला की मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात दुकानांची शटरं खाली येतात, असं माझी सासू सांगते. ती कमीच सांगते. हा आवाज घेऊन मी अमरावतीच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागाची सिस्टर आहे, आणि तिथे लोकांना "हळू बोला" म्हणायचं कामही माझंच.

त्या हिवाळ्यात परतवाड्याकडची एक बाई आली. वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजारात विकणारी, हाडापेराने दणकट. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं पाण्याने भरलेली. व्हेंटिलेटरने जोर लावून पाहिला, जमेना. मग मोठं मशीन लावलं. मांडीच्या शिरेतून काळपट रक्त बाहेर काढायचं, यंत्रात त्याला प्राणवायू द्यायचा आणि लाल झालं की मानेतून परत आत सोडायचं. नळ्या अशा जाड, की एखादं वावर ओलीत झालं असतं.

पहिल्याच सकाळी बाई जागी. झोपेचं औषध एवढं चालू होतं, की तेवढ्यात अख्खा आठवडी बाजार पाल्यापाचोळ्यासकट घोरला असता. ही मात्र डोळे वटारून तोंडातली नळी ओढायला निघाली. मी तिचं मनगट धरलं तर तिने मलाच पलंगावर ओढत नेलं. तिचा दीर पायथ्याशी उभा होता.

"बाई, औषध देऊन राहिल्या का सादं पानी?"

"भाऊ, नवा माठ पयल्या दिवशी किती पानी पेते?"

"सारं सोताच पेते थो."

"ह्या नळ्याबी कोऱ्याच हायेत. तुमच्या वहिनीच्या पयले त्याच औषध पिऊन राहिल्या."

डॉक्टरांना विचारून डोस वाढवला, ती झोपली. पण माठ एकदा मुरला की तोच डोस जास्तीचा होतो. म्हणून मी तासातासाला तिला हाक मारून पाहायची आणि औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडं थोडं उतरवायची. माझ्या हाकेला ती हलायच्या आधी शेजारचे तीन पेशंट "काय झालं?" म्हणून उठायचे.

खरं भांडण झालं ते श्वासाचं. रक्ताचं काम मशीन करत होतं, म्हणून व्हेंटिलेटर अगदी मंद ठेवला होता. मिनिटाला दहा श्वास, तेही एवढेसे. छाती हलते की नाही तेही दिसेना. दुसऱ्या दिवशी दीर दोन पाहुणे घेऊन आला.

"तुमी हवा काहून कमी केली? सोडली का तिले? कागद आना, सही करतो. नागपूरले नेतो आमी."

तिला आता हलवलं असतं तर ती वाटेवरच्या नांदगावपेठेपर्यंतही जिवंत पोचली नसती. मी दारात उभी राहिले, आणि मी उभी राहिले की दार उरत नाही.

"कागद माह्या खिशात हाये," मी म्हटलं, "आन् खिसा मी देत नाई. पयले सांगा, पान्यानं वावराचा गारा झाला तं वखर घालता का?"

"नाई घालत."

"काहून?"

"ढेकळं होतात. जमीन बिघडते."

"तिचं फुप्फुस तसंच वलं हाये. जोरानं हवा भरली तं फाटन. वापसा येऊ द्या, पानी जिरून वावर वखराजोगं होऊ द्या."

"आन् नाईच आला तं?"

"तं मले बोला, तोंडावर बोला. पन आज मी तिले दाराभाईर जाऊ देत नाई."

पाहुणे चहाला गेले. तो थांबला. मग रोज सकाळी काचेपाशी एकच प्रश्न, "आला का वापसा?" आणि रोज एक्स-रे पांढराफटक, म्हणजे पाणी तसंच.

आठव्या दुपारी नव्यानेच आलेल्या डॉक्टरने मॉनिटरवर ऑक्सिजन शहाऐंशी पाहिला, अलार्म ऐकला आणि हात थेट व्हेंटिलेटरच्या बटणाकडे नेला. मी पलीकडच्या पलंगापाशी अडकलेली. भेटीच्या वेळेत आत आलेला दीर मधे गेला.

"सायेब, हात काढा. वावर वलं हाये अजून."

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागला. मी जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हटलं, "सर, मोठ्या सरांनी शहाऐंशी चालेल असं लिहून ठेवलंय. फाईल बघा." त्याने फाईल बघितली, व्हेंटिलेटर सोडला आणि मशीनमधून फिरणारं रक्त थोडं वाढवलं. तो डॉक्टर पुढे फार चांगला निघाला, आमच्या दोघांच्या धाकाने.

बाराव्या सकाळी एक्स-रेच्या कडा काळ्या दिसल्या. तेराव्याला आणखी. फुप्फुसांना आता आपलं आपण जमतं का ते बघायला मोठ्या सरांनी मशीनचा प्राणवायू बंद करून पाहायचं ठरवलं, आणि तेवढ्यापुरता व्हेंटिलेटर चढवायला मला सांगितलं. दीर काचेपलीकडे होता. त्याने मूठ आवळली, जशी वावरातली माती मुठीत दाबून पाहतात, आणि बोटं सैल करून भुवई उडवली. मुठीतला गोळा फुटला का, असं विचारत होता.

मी होकाराची मान हलवली. तो दारापर्यंत आला.

"हळूच घाला वखर, बाई."

"मले शिकवू नका," मी म्हटलं, आणि हळूच घातला.