तक्रारीची रंगीत तालीम

कुंभकोणमच्या आमच्या मदत कार्यालयातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ इंटर्न होते. टपाल खात्यातून निवृत्त, घरात तंजावरी मराठी, बाहेर तमिळ. साठी उलटल्यावर माझ्या हाताखाली शिकायला आले होते, पण कॉफी संपेपर्यंत मलाही उत्तर देत नसत.

वादळानंतर आम्ही चोळपुरमला ताडपत्र्या वाटल्या आणि शेजारी तक्रारपेटी टांगली. महिनाभर पेटी रिकामी. लोक समाधानी आहेत, असं मी खुशीत वर कळवणार होते.

“बाई, लोकांस तक्रारीचा सराव नाहीं,” ते म्हणाले. “पोहणें आधी उथळ पाण्यांत शिकवावें.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या बायकांना देवळाच्या ओट्यावर बसवलं, पुढ्यात विड्याच्या पानांचं तबक ठेवलं आणि तमिळमध्ये जाहीर केलं, “आज फक्त माझ्याविरुद्ध बोलायचं. सरावासाठी.”

मग काय! हे नावं चुकवतात, यांच्या सायकलीला कोंबड्या घाबरतात, आमची निम्मी पानं हेच खातात. ते मान डोलावत सगळं चिठ्ठ्यांवर लिहून घेत होते. एखादी तक्रार आवडली की पुन्हा म्हणायला लावत होते. हसता हसता बायका ताडपत्र्यांवर आल्या. त्या आखूड आहेत, अर्धं घर भिजतं.

शेवटची चिठ्ठी त्यांनी माझ्यासाठी मराठीत लिहिली आणि जीपच्या खिडकीतून माझ्या हातात दिली. “मोठ्या बाई जीपमधून कधी खाली उतरत नाहीत.”

खाली टपाली वळणाच्या अक्षरात शेरा होता: “समक्ष खातरजमा केली.”