मुळशीच्या अंगणातून दिसलेला लाल सूर्य

माझे वडील, अप्पा, परभणीहून आठवडाभरासाठी आमच्याकडे बावधनला आले होते. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. पण लहानपणी उघड्या डोळ्यांनी सूर्यग्रहण पाहिलं, तेव्हापासून उजव्या डोळ्याच्या मधोमध धूसर ठिपका बसलेला. त्यामुळे ऑफिसातल्या समीरने "शनिवारी पौडला सूर्य बघायला चला" म्हटलं, तेव्हा ते येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले.

सातला निघालो. चांदणी चौकाकडून भूगाव, मग पिरंगुटचा घाट. लवकर निघालात तर तासाभरात मुळशीतलं पौड. वाटेत मिसळ, सत्तर रुपये प्लेट, तर्री जपून मागा. दुर्बीण मांडायची होती ती समीरच्या ओळखीच्या कमलमावशींच्या अंगणात. सूर्यासाठीच बनवलेली खास दुर्बीण. साध्या दुर्बिणीतून चुकूनही बघू नका.

मी डोळा लावला. लालबुंद गोळा, त्यावर दोन काळे डाग आणि डागांभोवती उजळ, पिंजलेल्या कापसासारखे पट्टे.

"त्यांना प्लाज म्हणतात," समीर म्हणाला. "डागांजवळच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिथलं वातावरण जास्त तापतं, म्हणून उजळ दिसतं."

अप्पा वाकले. बराच वेळ पाहून म्हणाले, "मला काही दिसत नाही."

ते उजव्या डोळ्याने बघत होते. मी विचारलं, तर हळूच म्हणाले, "एक दिलाय त्याला. दुसरा कसा देऊ?"

समीरने काचा कशा ऊन अडवतात ते समजावलं. अप्पा मान हलवत राहिले, पण जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात कमलमावशी चहा घेऊन आल्या. कप ठेवला, पदर खोचला आणि आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं.

"गुरुजी, काय न्हाई हुत. लई झ्याक हाय! काळ्याच्या भवती कसं पांढुरकं फुललंय. तुमी पोरास्नी शिकवलं आन् सोता बघायचं न्हाई व्हय?"

अप्पा हसले. मग त्यांनी डावा डोळा लावला.

चहा गार झाला, तरी ते उठेनात. शेवटी एवढंच म्हणाले, "फळ्यावर मी नुसते डागच काढत होतो."

दुपारी घरी परतलो. मोबाइलवरचे माझे फोटो सगळे धूसर आलेत, इथे टाकण्यासारखे नाहीत. मला आठवतात ते दुर्बिणीवर वाकलेले अप्पा, गुडघ्यावर हात रोवून. घरी येताच त्यांनी परभणीला आईला फोन लावला. "अगं, सूर्य बघितला."

पलीकडून घाबरा आवाज आला, "कुठल्या डोळ्यानं?"

"चांगल्या," अप्पा म्हणाले, आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.