दुपारची पाहुणी

आजोबांना आम्ही इंदिरानगरच्या घरी आणलं तेव्हा तिथले निम्मे प्लॉट रिकामेच होते. बाबा नोकरीसाठी मालेगावला असत, रविवारी येत. आईची शाळा दुपारची. माझं बी.ए. नुकतंच झालं होतं आणि नोकरी नव्हती, म्हणून दुपारी आजोबा माझ्या ताब्यात. खरं तर मी त्यांच्या ताब्यात.

आजोबांच्या डोक्यातून मधली पुष्कळ वर्षं पुसली गेली होती. लोक त्याला म्हातारचळ म्हणत. त्यांच्या लेखी माझ्या आत्याचं लग्न अजून व्हायचं होतं आणि ती आत्या म्हणजे मी. खरी आत्या पुण्यात नातवंडं खेळवत होती. त्यामुळे दारात जो येई तो मुलगी बघायला आलेला. पोस्टमनला ते हाताला धरून खुर्चीत बसवत, "पोहे आण गं," असं आत ओरडत, आणि मी ओढणी डोक्यावरून घेऊन ताटली पुढे करी. नाही केली तर ते रडवेले होत.

"आजोबा, मला दोन पोरं आहेत हो," पोस्टमन एकदा काकुळतीला येऊन म्हणाला.

"म्हंजे बिजवर? मग आधी नाय का सांगायचं? पोहे खाऊन झाल्यावर सांगता!"

मीटर बघणारा, गॅसवाला, सगळ्यांनी मला रीतसर पाहिलं. रद्दीवाल्याने तर तराजू मांडीवर ठेवूनच पोहे खाल्ले आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. अनोळखी माणसाला किती वाजले हे विचारणंही मला जमत नसे. आणि कुणीच आलं नाही, तर आजोबा पाहुण्यांना आणायला स्वतः फाटकाबाहेर निघत. डुलकी काढायची सोय नव्हती. मी न्हाणीघरात गेले तरी दारावर थाप पडे, "आटप, मंडळी खोळंबलीत."

माझे केस गळायला लागले. एकदा दूध उतू गेलं म्हणून मी ओट्याशी उभी राहून हुंदके देत रडले. आजोबांचं ब्लडप्रेशर बघायला आलेले डॉक्टर माझ्याकडेच बघत राहिले. "ह्यांचं ठीक आहे. तुम्ही रोज एक तास स्वतःसाठी काढा, नाहीतर दुसरा पेशंट तुम्ही." मी शाळेतल्यासारखं "येस डॉक्टर" म्हटलं. तो तास कुठून काढायचा, हे विचारायचं धाडस झालं नाही. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून नेहमी म्हणत, "लागलं तर हाक मार." पण हाक मोठ्याने मारावी लागते. मी मनात वाक्य जुळवत उभी राही, ते जुळेपर्यंत काकू घरात गेलेल्या असत.

एका दुपारी दोरीवरचा टॉवेल उडून बाजूच्या प्लॉटवर गेला. तो घेऊन मी पुढच्या दाराने परत आले. आमच्या इंग्रजी शाळेत न विचारता उंबरा ओलांडला तर बाहेर उभं करत. ती सवय अशी हाडात मुरलेली, की आजोबा समोर बसलेले दिसताच माझ्या तोंडून गेलं, "आत येऊ?"

आजोबा लगबगीने उठले. "या, या ताई! मुलाच्या भगिनी ना आपण? उन्हाचं लय त्रासाचं झालं असंल."

मी मान हलवली. त्यांनी स्वतः माठातलं पाणी आणून दिलं. कित्येक महिन्यांत मला कुणी पाणी दिलं नव्हतं. मी टॉवेल मांडीवर घेऊन पाहुणीसारखी बसले.

"पोरगी कमी बोलती," आजोबा सांगू लागले. "इंग्रजी शाळेत शिकली, पण तोरा नाय." आत्या गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेली होती. "आता तयार व्हतीय. तुम्ही जरा आत पडा. मी बसतो दाराशी."

मी झोपले. ते खरंच खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. काकू काही मागायला आल्या, तर अर्धवट झोपेत मला आजोबांचा दबका आवाज ऐकू आला, "हळू. पाहुणे निजलेत."

मग मी रोजच पाहुणी झाले. गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवायचा, फाटकाला कुलूप घालायचं, मागच्या दाराने निघून घराला वळसा घालायचा आणि पुढून विचारायचं, "आत येऊ?" माझे डोळे निवळले. डॉक्टरांना वाटलं त्यांनी दिलेल्या टॉनिकने.

पंचाईत उठल्यावर होई. आजोबा हात जोडून विचारत, "मग? पसंत हाय का पोरगी?" मला 'कळवतो' एवढंच सुचे. मुलाकडचे हेच म्हणतात, आणि त्याचा अर्थ नाही असाच असतो. आजोबा पाहुणी विसरत, नकार विसरत नसत. संध्याकाळी ताटावर बसून आईला म्हणत, "आजबी कळवतोच म्हणाले." आणि भाकरी तशीच राही. त्यांची गालफडं बसू लागली. माझी झोप त्यांच्या जेवणातून येत होती. शिवाय रोज मला नाकारणारी मीच.

शेवटी एक दिवस मी उठले आणि म्हटलं, "पसंत आहे."

आजोबा आनंदतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिले.

"ताई, राग मानू नका. पण पोरगी देता यायची नाय."

"का?"

"ती गेल्यावर मला कोण बघंल?"

मला हसू आलं आणि तोंडावर टॉवेल धरावा लागला. पण मुलाकडच्यांना बोलायचा हक्क असतो. स्वतःसाठी मी कधी अवाक्षर काढलं नसतं, होणाऱ्या वहिनीसाठी काढलं. "कायमची नको. पण दमलीय ती. रोज एक तास तरी सोडा."

आजोबांनी विचार केला. "एकच तास?"

"एकच."

"दिवेलागणीच्या आत आणून सोडायची."

"सोडते."

"मग मी तोवर एकटा बसू व्हय?" असं म्हणत ते उठले, कुंपणाशी गेले आणि साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, "अवो बाई! आमच्या पोरीला सासरचे न्यायला आलेत. घटकाभर माझ्यापाशी बसायला या!"

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं, मग हे आधी सांगायचं नाही का?" त्या म्हणाल्या. "थांब, मटार घेऊन येते. सोलून होतील."

मी चपला घातल्या. आजोबा फाटकापर्यंत आले आणि त्यांनी मला बजावलं, "ताई, तिला उन्हात फार चालवू नका."