एकाच तेलातल्या फ्राइज

मुलगी नऊ वर्षांची असताना तिला सिलिअ‍ॅक हा आजार असल्याचं कळलं. सौदीतल्या दम्माममधले आमचे इजिप्शियन डॉक्टर मोजकं बोलायचे. रिपोर्ट टेबलावर ठेवून ते म्हणाले, "गहू नाही, जव नाही, मैदा नाही, रवा नाही. कणभरसुद्धा नाही, आयुष्यभर. खलास." मी घरी आले, पोळपाट-लाटणं घासून माळ्यावर टाकलं आणि मग रडले.

घरातलं तसं सोपं होतं. तांदूळ, ज्वारी, नाचणी मिळत होती. नवरा पुण्याचा, पोळीवर वाढलेला. रास तनुराच्या रिफायनरीतून दमून यायचा आणि पानात जे असेल ते निमूट खायचा. अडचण होती शुक्रवारची. शुक्रवारी संध्याकाळी सगळी ओळखीची कुटुंबं मॉलमध्ये भेटायची. त्या उकाड्यात दुसरीकडे जाणार तरी कुठे? मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी तिथल्या बर्गरच्या दुकानात बसायच्या आणि ही डबा उघडायची. त्यांच्या ताटांकडे ती बघायची नाही. ती बघायची नाही, हेच मला बघवायचं नाही.

त्या दुकानाचे सुपरवायझर केरळचे होते, पन्नाशीतले. एकदा ते आमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. बाहेरचं खाणं चालणार नाही, असं सांगायला आले असतील म्हणून मी डब्याचं झाकण लावायला घेतलं. ते म्हणाले, "भाभी, बच्ची हमारा खाना क्यों नहीं खाती?"

मी सांगितलं. ते सगळं ऐकून आत गेले आणि वीसेक मिनिटांनी स्वतः ताट घेऊन आले. मांसाची टिक्की पावाऐवजी सॅलडच्या मोठ्या पानांत गुंडाळलेली. तवा घासला, नवे हातमोजे घातले, मसाल्याच्या पाकिटावरचं सगळं वाचलं, असं त्यांनी एकेक करून सांगितलं. शेजारी फ्राइजचा ढीग होता. "मोळे," ते मुलीला म्हणाले. त्यांच्या भाषेत लेकीला तसंच हाक मारतात. "आलू में गेहूं किधर होता है? खाओ."

त्या दिवशी तिनं शेवटची फ्राय बोटानं मिठात फिरवून खाल्ली.

दोन वर्षं आमचा हा शुक्रवार चालला. आम्ही दिसलो की ते काचेपलीकडून आम्हाला दाखवत कोपरापर्यंत हात धुवायचे, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे. मुलगी खिदळायची. मी घरून त्यांच्यासाठी लाडू न्यायचे. ते बायकोला व्हिडिओ कॉल लावून माझ्याशी बोलायला लावायचे. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नसे, मग आम्ही नुसत्या हसायचो.

एकच गोष्ट नीट होत नव्हती. मुलीचं पोट अधूनमधून दुखायचं. रक्ताच्या तपासणीतला आकडा थोडा उतरला आणि तिथेच अडकला. डॉक्टर म्हणाले, "कुठूनतरी गहू पोटात जातोय. शोधा." मी शोधलं. हिंगात मैदा असतो हे कळल्यावर हिंग फेकला. सॉस बदलले, चाळण्या बदलल्या, कढया बदलल्या. तरीही आकडा हलेना, तेव्हा मी मुलीवर संशय घेतला. "शाळेत कुणाची बिस्किटं खातेस?"

"नाही खात, आई. आय प्रॉमिस."

माझा विश्वास बसला नाही. मी तिचं दप्तर तपासायला लागले. ती दाराशी उभी राहून मला तपासताना बघायची.

त्याच सुमारास दुकानांमधून, मॉलमधून परदेशी लोकांच्या जागी सौदी माणसं कामाला लावायची मोहीम जोरात होती. नवरा कामावर दोन सौदी इंजिनिअरांना आपलंच काम शिकवत होता. आमचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, पुढे वाढेल की नाही, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. एका शुक्रवारी सुपरवायझर टेबलाशी येऊन बसले. एवढ्या दिवसांत ते कधी बसले नव्हते. "भाभी, मेरा फायनल एक्झिट लग गया," ते म्हणाले. म्हणजे नोकरी संपली, आता कायमचं केरळला परत. मग त्यांनी त्यांच्या जागी आलेल्या सौदी मुलीला बोलावलं. काळ्या अबायावर कंपनीची टोपी घातलेली, विशी-बाविशीची. आमच्या लेकीकडे बोट दाखवून ते तिच्याशी बराच वेळ अरबीत बोलले. जाताना त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या शुक्रवारी त्या मुलीनं आम्हाला काउंटरवरच थांबवलं. इंग्रजीत, अडखळत, तिनं लेकीला न चालणारा एकेक पदार्थ विचारला आणि वहीत लिहून घेतला. मग म्हणाली, "टिक्की देते. फ्राइज नाही."

"का?"

"त्याच तेलात चिकन तळतात. चिकनला मैदा लावलेला असतो."

"ती दोन वर्षं इथे फ्राइज खातेय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"ते मला माहीत नाही. मी देणार नाही."

लेकीचे डोळे भरून आले. आम्ही न खाता निघालो. गाडीत मी तोंडसुख घेतलं. कालची आलेली पोर, हिला काय कळतं, माणुसकी म्हणून नाही, असं काय काय. नवरा गाडी चालवत राहिला. सिग्नलला थांबल्यावर हळूच म्हणाला, "तिचं पोटही दोन वर्षंच दुखतंय."

सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी मागे वळले. "बिस्किटं नव्हती ना खाल्लीस तू?"

"आय टोल्ड यू, आई," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. घरी येऊन मी तिची माफी मागितली. तिनं लगेच केलं नाही माफ. दोन दिवस घेतले.

सहा महिन्यांनी आकडा उतरला. मी रिपोर्ट घेऊन थेट त्या काउंटरवर गेले आणि आधी सॉरी म्हणाले. त्या मुलीनं कागद दोनदा वाचला, "अल्हमदुलिल्लाह" म्हणाली आणि काउंटरच्या बाहेर येऊन तिनं मला मिठी मारली. एवढी ताठ पोर, पण मिठी अगदी घट्ट होती. त्यानंतर ती दर शुक्रवारी लेकीला शेजारी उभं करून अरबीत प्रश्न शिकवायची: तेल वेगळं आहे का, तवा धुतला का, सॉसमध्ये काय आहे. "आणि समोरचा माणूस विचार न करता पटकन हो म्हणाला," ती बजावायची, "तर तिथे खायचं नाही."

सुपरवायझरांचा ओणमला फोन आला. "मोळे फ्राइज खाती है ना?" लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला. "हां अंकल. आपके जैसा कोई नहीं बनाता." फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "काय? ते किती प्रेमानं करायचे, आई."

ती बारा वर्षांची झाली तेव्हा पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर एकटी खायला गेली. दुकान नवं होतं, शेजारच्या खोबर शहरातलं, समुद्राकडचं. मी गाडीत बसून काचेतून बघत होते. तिनं काउंटरवरच्या माणसाला एकेक प्रश्न विचारला. त्यानं सगळ्याला मान डोलावली. तिनं पुन्हा काहीतरी विचारलं, त्यानं पुन्हा मान डोलावली. मग ती हसून "शुक्रन" म्हणाली, पाण्याची बाटली घेतली आणि मैत्रिणींमध्ये जाऊन बसली. तासभर त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. हातवारे करून तिचंच बोलणं जास्त चाललेलं दिसत होतं.

परत आली ती धपकन सीटवर बसली. "त्याला काहीच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आई, खूप भूक लागलीये. यल्ला, घरी चल."