वर्गाच्या दारातलं दस्तक

चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण मी माझ्या मुलीला ती नऊ वर्षांची असताना शिकवली. शिकवली अगदी तावातावाने, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः शेपूट घातलं. ते शेपूट तिने कसं बाहेर काढलं, ते सांगते.

दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं. ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या हॅमिल्टन शहराच्या उत्तरेला, रोटोटुनात, आम्ही नवीन घर घेतलं होतं. नवरा आयटीत, मी एका फार्मसीत. मुलगी जवळच्या शाळेत जायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीतच. तिची वाक्यं मी इथे मराठीत लिहिते आहे, पण ती इंग्रजीत बोलली असंच समजा. जिथे ती खरंच मराठीत बोलली, तिथे मी सांगेन.

त्या टर्मला वर्गाचा विषय होता समुद्री चाचे. लायब्ररीतून एक जाडजूड चित्रांचं पुस्तक आणलेलं होतं. त्यातला एकेक कुप्रसिद्ध चाचा प्रत्येकाने निवडायचा, त्याचं पोस्टर करायचं, तसा वेश करायचा आणि शेवटच्या शुक्रवारी आईबापांसमोर तीन मिनिटं बोलायचं. पोस्टरचा साचा ठरलेला: वर मोठ्या अक्षरात 'पकडून द्या', मध्ये चित्र, खाली गुन्ह्यांची यादी. दाढीत जळत्या वाती खोचणारा, पुरुषी कपडे घालून लढणाऱ्या दोन बायका, अशी सगळी नामांकित मंडळी पहिल्याच दिवशी वाटली गेली होती.

आमची कन्या मात्र उड्या मारत घरी आली. "आई, यात आपल्या अलिबागचा एक आहे!"

माझं माहेर अलिबागचं. आमच्या फ्रिजवर तिचा फोटो होता. ओहोटीच्या वेळी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात घेऊन कुलाब्याच्या किल्ल्याकडे चिखलातून निघालेली, पाच वर्षांची. पुस्तकाच्या शेवटाकडे एका कोपऱ्यात अर्धा परिच्छेद होता. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आमच्या आरमाराचे प्रमुख, ज्यांच्या किल्ल्यात मी लहानपणी डबे खाल्ले, ते तिथे 'निष्पाप व्यापारी जहाजं लुटणारा हिंदी चाचा' होऊन बसले होते. चित्रात उघडं अंग, कानात बशीएवढे डूल आणि दातांत सुरा. चित्रकाराने कोकणातला माणूस उभ्या जन्मात पाहिला नसावा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मीच वाजले. म्हटलं, किनारा आमचा, समुद्र आमचा. या पाण्यातून जायचं तर आमच्या सरखेलांचं दस्तक घ्यायचं, म्हणजे परवाना. तो असला की तुमच्या जहाजाला कुणी हात लावत नसे. इंग्रजांच्या व्यापारी कंपनीने तो घ्यायला नकार दिला, मग जहाजं धरली गेली. त्यांचे स्वतःचे परवाने मात्र ते इतरांच्या गळ्यात मारतच होते. इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला काही पडला नाही. माणूस हरवता येत नाही म्हटल्यावर त्याला चाचा म्हणायचं! सरखेल संत होते असं मी म्हणत नाही, धरलेला माल त्यांनी देवळात वाटला नाही. पण दुसऱ्याच्या दारात तोफा घेऊन यायचं आणि घरमालकालाच चोर म्हणायचं, याला काय म्हणतात? तेव्हा ती म्हण आली.

मुलगी ओट्यावर बसून गाजर खात ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आजीच्या वेळेसारखं?"

आदल्या वर्षी माझी आई आमच्याबरोबर विमानाने ऑकलंडला उतरली होती. खाद्यपदार्थ आहेत का, या प्रश्नापुढे तिने विमानात भरायच्या कार्डावर ठामपणे 'नाही' अशी खूण केली होती, कारण तिच्याजवळ होता तो देवीचा प्रसाद. प्रसादाला खाद्यपदार्थ म्हणणं तिच्या बुद्धीला पटलंच नाही. नारळ, मधाची बाटली, तुळशीचं बी, सगळं अधिकाऱ्याने बाहेर काढलं, टेबलावर मांडलं आणि जप्त केलं. वर दंडही झाला. तो बिचारा फार सभ्य होता. आमचं बेट आम्हाला बाहेरच्या किडी-रोगांपासून जपावं लागतं, असं त्याने आईला दोनदा समजावलं. नात शेजारीच उभी होती.

"हो," मी म्हटलं. "अगदी तसंच."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वर्गाच्या बाईंना भेटायला गेले. दुपारभर फार्मसीत गोळ्या मोजताना मनातल्या मनात भाषण घोटलं होतं. वर्गात बाई लहान मुलांच्या खुर्चीवर बसून गोंद खरवडत होत्या. हसून म्हणाल्या, "किया ओरा! बसा ना. तुमची लेक काय खूश आहे तिच्या चाच्यावर!" आणि माझं वय एकदम आठ झालं. आमच्या शाळेत बाई आल्या की उभं राहायचं आणि बाई सांगतील ते खरं मानायचं. बाई चुकल्या, हे वाक्य आमच्या जिभेवर कधी चढलंच नाही. घरी नवऱ्याला, सासूला, बँकेच्या मॅनेजरला मी सोडत नाही, पण खडूचा वास आला की माझी गोगलगाय होते. मी म्हटलं, पुस्तकाबद्दल जरा बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "काही अडचण?" मी म्हटलं, "नाही नाही. पुस्तकात आहे ते बरोबरच असणार. सॉरी, तुमचा वेळ घेतला. शुक्रवारी खायला काय आणू?"

"स्वीट ॲज," बाई म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. वळले तर दप्तरांच्या खुंट्यांपाशी मुलगी उभी होती.

 गाडीत बसल्याबसल्या ती म्हणाली, "तू मिसला सॉरी का म्हणालीस?"

"शाळेत वाद घालायचा नसतो."

"मग घरी कशाला घालतेस?"

 मला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेपायी मी तिच्यावरच खेकसले, की पाय सीटवर ठेवू नकोस.

नंतरचे चार दिवस तिने मला पोस्टर दाखवलं नाही. खोलीचं दार लावून बसायची. एकदा फक्त बाहेर येऊन एक बटाटा मागितला, आणि एकदा बापाचा गणपतीतला लाल फेटा.

शुक्रवारी मी बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन पोचले, तर वर्गाच्या दारात ही बया हात आडवे लावून उभी. डोक्यावर फेटा, अंगात पांढरा झब्बा. कानात डूल नाही, दातांत सुरा नाही. आत जायचं असेल तर दस्तक घ्या, नाहीतर बाहेर थांबा, असा तिचा हुकूम. बटाट्याचा कोरीव शिक्का मारलेले कागद ती एकेकाला देत होती. दोनतीन आईबाप हसून तिला चुकवून आत जायला लागले. तेवढ्यात तिच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा, इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक म्हातारे माओरी गृहस्थ, टोपी काढून उंबऱ्याबाहेर थांबले. आदल्या टर्मला हा सगळा वर्ग त्यांच्या मराईवर, म्हणजे जमातीच्या बैठकीच्या जागी, गेला होता आणि आतून हाक येईपर्यंत फाटकाशी उभा राहिला होता. "बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नसतं," ते मागच्यांना म्हणाले. मग सगळे मुकाट्याने रांगेत लागले. बाईंनीही दस्तक घेतलं.

माझी पाळी आली तेव्हा तिने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुझं नंतर," म्हणाली, आणि मला नुसतंच आत सोडलं.

तिची पाळी आली. तिच्या पोस्टरवर 'पकडून द्या' नव्हतं, गुन्ह्यांची यादी नव्हती. तिने आजीची गोष्ट सांगितली. नारळ, मध, तुळशीचं बी. "त्या माणसाने आजीचं सामान घेतलं, कारण तिने विचारलं नव्हतं. तो चाचा नव्हता, तो इथला किनारा राखत होता. आमचे सरखेल आमचा किनारा राखत होते. हे पुस्तक परवाना न घेणाऱ्यांनी लिहिलंय."

आजोबांनी जोरात टाळी वाजवली. बाई कौतुकानेच म्हणाल्या, "किती छान विचार केलास! पण पुस्तकात त्यांना चाचा म्हटलंय ना? आणि आई मला म्हणाली होती, पुस्तक बरोबर आहे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझं ते शेपूट आता भर वर्गात माझ्या लेकीच्या पायात आलं होतं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण तिने मान खाली घातली नाही. आणि तेवढ्या सगळ्या माणसांसमोर ती मराठीत म्हणाली, "आई, सांग."

मी उठले. आवाज कुकरसारखा निघाला. "मी खोटं बोलले," बाईंच्या डोळ्यांत पाहून मी म्हटलं. "तुम्हाला घाबरून. मी सरखेलांच्या गावची आहे. पुस्तक चुकलंय आणि माझी मुलगी बरोबर आहे. आणि त्या पानाखाली हे लिहून चिकटवल्याशिवाय ते लायब्ररीत परत जाऊ नये, अशी माझी मागणी आहे." विनंती म्हणणार होते, पण तोंडातून मागणीच निघालं.

 बाई म्हणाल्या, "चालेल. तुम्हीच लिहून द्या."

मी खाली बसले, तशी मुलगी खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आली. झब्ब्याच्या खिशातून तिने एक घडी केलेला कागद काढला. त्यावर वाकड्यातिकड्या देवनागरीत 'आई' असं आधीच लिहिलेलं होतं. शिक्का तेवढा मारायचा राहिला होता. तो तिने माझ्या मांडीवर कागद ठेवून, दोन्ही हातांनी दाबून मारला.